उताऱ्याचे आभार मानत नाहीत

ड्रिमबॉन, कॉनेमारा
११ जानेवारी

प्रिय डेलिया,

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट चुलीत टाकणार असशील, तर आधी वाच आणि मग टाक. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस. दोनदा झालंय तसं.

गेल्या मार्चमध्ये माझी डावी छाती काढली. वाटलं, सुटले. आता डॉक्टर म्हणतात फुप्फुसावर दोन डाग आहेत. म्हणजे ते होतं तिथे राहिलं नाही, चालत गेलं. दर तीन आठवड्यांनी शहरात येऊन सलाईनमधून औषध घ्यायचं आहे. पहिलं झालं. परतीच्या बसमध्ये तीनदा ओकले. ड्रायव्हरने बस थांबवली, पण सगळे खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यापेक्षा माझ्याकडे बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

फादरच्या घरी स्वयंपाक करणारी बॅब सांगत होती, तू काम करतेस त्या प्रयोगशाळेत कॅन्सरला चालूच न देणारं औषध करतात. खरं का? खरं असेल तर तुझ्या हातात काही आहे का? भीक मागत नाही, विचारतेय.

मेंढ्या बऱ्या आहेत. तू लावलेली सफरचंदाची दोन्ही झाडं वादळात पडली.

विनी


गॉलवे
१९ जानेवारी

विनी,

प्रिय-बिय मला लिहू नकोस. चुलीत टाकायला माझ्याकडे चूल नाही, हीटर आहे.

आई गेल्याचं मला कुठे कळलं, सांगू? सिंकपाशी. हातात ब्रश, फळीवर रेडिओ, आणि ती बाई दुपारच्या बातम्यांनंतर मेलेल्यांची नावं वाचत होती, रोज वाचते तशी. ड्रिमबॉनची अमुक अमुक, राहत्या घरी, शांतपणे, मुलगी विनिफ्रेड हिच्या सोबतीत. दुसरी मुलगी आहे याचा उल्लेखही नाही. रेडिओला ती नावं कोण देतं? घरचे देतात. मी हातातली बाटली धुऊन पुरी केली आणि मग बसस्टॉपवर गेले. पोचले तेव्हा तुम्ही खड्डा बुजवत होतात.

आता तुझं विचारणं. मी औषध करत नाही. मी काच धुते. साबण, मग ॲसिड, मग तीनदा नळाचं पाणी, तीनदा शुद्ध केलेलं पाणी, मग भट्टीत वाळवण. साबणाचा एक थेंब राहिला तर लोकांचं सहा महिन्यांचं काम बोंबलतं. एकोणीस वर्षं झाली, माझ्या हातून थेंब राहिलेला नाही. पण शाळा तेराव्या वर्षी सुटली, त्यामुळे माझ्या हातात ब्रशच आहे, दुसरं काही नाही.

तिथे काय करतात ते मात्र मला ठाऊक आहे. आमची डॉक्टर ईटा चहाला माझ्याजवळ येऊन बसते आणि बोलत सुटते. ती म्हणते, कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर साखरेची लव असते, मेंढीच्या अंगावर लोकर असते तशी. आणि रक्तात एक प्रथिन फिरत असतं, त्याला हाताच्या मुठीसारखी खाच असते. साखर दिसली की ती मूठ धरते. पेशीला धरते आणि शिरेच्या भिंतीला नेऊन चिकटवते. काटेरी तारेला मेंढी घासली की लोकर अडकून राहते ना, तसं. अडकली की तिथेच दुकान उघडते. फुप्फुसात, यकृतात, जिथे जमेल तिथे. तर ईटाची माणसं काय करतात, खोटी साखर बनवतात. तोंडाकडून साखरेसारखी, पण मागे दोन शेपट्या. मुठीला वाटतं साखर आली, ती धरते, आणि शेपट्या अशा रुतून बसतात की मूठ उघडतच नाही. मूठ भरलेली, मग कॅन्सरला धरणार कशाने?

ऐकायला छान आहे. पण अजून ते प्रयोगाच्या बशीत आहे आणि उंदरात आहे. माणसात यायला किती वर्षं, ते ईटालाही सांगता येत नाही. म्हणून दर तीन आठवड्यांनी ये, ओक, आणि घरी जा. तेच औषध आहे.

तुला वाटत असेल, हे बाबा अंगावर नागीण उठलेल्यांना द्यायचे त्या उताऱ्यासारखं आहे. तीन सकाळी घेतला की काम झालं. मला सगळं आठवतंय, पाण्याचं भांडं मीच धरायचे. पैसे घ्यायचे नाहीत. उतारा अंगात आहे तोवर दुसऱ्या कुणाचं औषध घ्यायचं नाही. आणि आभार मानायचे नाहीत, मानले की उतारा उतरलाच. थंडीत माझे हात निळे पडायचे, आणि माणसं बरी होऊन उठायची ती मागे न बघता चालती व्हायची. मला एकदाही कुणी पोरी, बस, म्हणालं नाही. बाबांना ते आवडायचं. मला नाही.

डेलिया


ड्रिमबॉन
२ फेब्रुवारी

डेलिया,

दुसरं सलाईन झालं. आता केसही गेले. काल संत ब्रिजिडच्या सणाला बायका दारात आशीर्वादाचं फडकं बांधायला आल्या, तर मी पडद्यामागे लपून बसले. तोंडात सगळीकडे फोड आहेत. चहासुद्धा गार करून पिते.

तू लिहिलेलं मी चारदा वाचलं. मुठीचं मला समजलं. बशीत आहे म्हणजे आहे ना? मग बशीतून बाटलीत यायला किती लांब? तू एकोणीस वर्षं तिथे आहेस, सगळ्या कपाटांशी तुझा रोजचा संबंध. चमचाभर काढलं तर कोणाला कळणार आहे? बाबांचे हात तुलाच मिळाले, हे ते स्वतः म्हणायचे. मला काही मिळालं नाही. मला आईचं हगणं-मुतणं मिळालं, चौदा वर्षं.

आणि रेडिओचं म्हणशील तर, आईने शेवटी तुझं नाव घेतलं नाही. वाईट वाटेल, पण खरं ते सांगते. म्हणून दिलं नाही.

मला तसंच मरू देणार आहेस का?

विनी


गॉलवे
९ फेब्रुवारी

विनी,

घे.

सोबत तीन बाटल्या आहेत, पांढरी पूड. रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यात. किंचित गोड लागेल. कुणाला दाखवू नकोस, बॅबला तर नाहीच. माझी नोकरी जाईल.

आता मला पत्रं लिहून छळू नकोस. आईचं नाव परत काढू नकोस.

डे.


ड्रिमबॉन
६ मार्च

प्रिय डेलिया,

तिन्ही बाटल्या संपल्या. आणखी पाठवू नकोस, तीन म्हणजे तीन.

काय सांगू! चौथ्या दिवशी तोंडातले फोड गेले. आठव्या दिवशी बटाटे खाल्ले, लोणी लावून, चार. मग बेकन. डोक्यावर लव आलीय, कोकराच्या पाठीसारखी. गुरुवारी समुद्रावर गेले आणि बादलीभर शेवाळ घेऊन आले. बॅब म्हणते, तू काय नवरा-बिवरा केलास की काय. म्हटलं, या वयात नवरा केला तर औषध त्यालाच लागेल.

छातीत एक हलकेपणा आलाय. मुठी बंद झाल्या असणार. मी डोळे मिटून त्यांना बघते. एकेक मूठ, घट्ट मिटलेली, आत तुझी साखर.

पाच मेंढ्या व्याल्या. काळतोंडीला जुळं झालं.

विनी


गॉलवे
१४ मार्च

विनी,

पत्र दोनदा वाचलं. उलटंही धरून बघितलं. मेंढ्या आहेत, बटाटे आहेत, बॅबच्या तोंडची घाण आहे. एक शब्द नाही.

माझी नोकरी मी पणाला लावली, ठाऊक आहे ना? 'डेलिया, बरं केलंस' एवढं लिहिलं असतंस तर हात झडला असता का तुझा? तू लहानपणापासून अशीच. दुसऱ्याच्या ताटातलं खायचं आणि तोंड पुसून मोकळं व्हायचं.

ईटाचा लेख छापून आला गेल्या आठवड्यात. मला दाखवायला आणला, पोरगी मनाने चांगली आहे. शेवटी एक यादी असते, आभारांची. उंदीर ज्यांनी विकले त्यांचं नाव आहे. यंत्र दुरुस्त करायला एकदाच आलेल्या माणसाचं नाव आहे. ते सगळं काम ज्या काचेत झालं, ती काच कुणी धुतली, त्याचं नाव नाही. मी म्हटलं, छान आहे हो. आणि तिचा कप धुतला.

तेव्हा तुझ्याकडून तरी मला ते पाहिजे. लिही. एक ओळ.

डेलिया


ड्रिमबॉन
३ एप्रिल

प्रिय डेलिया,

ते सोडून दुसरं काहीही माग. तू मला समजून घेशील अशी माझी खात्री आहे. भांडं तूच धरायचीस.

टेकडीच्या माथ्यापर्यंत जाऊन आले. थोडा खोकला आहे, वाऱ्याचा असेल. काळतोंडीचं एक कोकरू मेलं, दुसरं गुटगुटीत आहे. त्याचं नाव डेलिया ठेवलंय. सारखं ओरडतं.

विनी


गॉलवे
२१ एप्रिल

विनी,

कोकराला माझं नाव आणि मला धोंडा.

तुझं सोंग मला कळत नाही असं समजू नकोस. उताऱ्याचे आभार मानत नाहीत, असंच ना? वा! सोयीचं आहे. बाबा मरून तीस वर्षं झाली, पण काहीच द्यायचं नसलं की ते बरोबर उठून बसतात. तुला माझ्यापुढे वाकायचं नाही, एवढंच खरं. बाकी पोथी.

मग ऐक आता.

त्या बाटल्यांत दुधातली साखर होती. आमच्याकडे किलोकिलोच्या डब्यांनी येते, कुलूपसुद्धा लावत नाहीत. बशीत टाकली तर तीही त्या मुठीत बसते, पण बसते आणि उठते, तिला शेपट्या नाहीत. आणि खाल्ली तर पोटात जाऊन जेवण होते, संपलं. खरी ती वरच्या मजल्यावर बर्फात असते, एवढीशी, चिमटीत मावेल इतकी. तिथे जायला माझ्याकडे किल्लीही नाही.

पाठवली का? तू थांबत नव्हतीस म्हणून. रडणाऱ्या पोराला चोखायला काहीतरी देतात तशी दिली. आणि आईचं ते लिहिलंस म्हणून. डब्यात चमचा घातला तेव्हा मनात म्हटलं, खा, खा आणि नाच. नाचलीस. चार बटाटे खाल्लेस. मुठी बघितल्यास डोळे मिटून! वाचून मी सिंकपाशी एकटीच हसले, इतकी की ईटा बघायला आली.

तू बरी होतेयस ती हॉस्पिटलच्या सलाईनने. तेव्हा माझे नसतील मानायचे तर त्यांचे मान. त्यांना चालतात.

डेलिया


ड्रिमबॉन
९ मे

डेलिया,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, बसून लिहिलं की धाप लागते.

कुठलं सलाईन?

तुझ्या बाटल्या आल्या त्या दिवसापासून मी शहरात आले नाही. उतारा अंगात आहे तोवर दुसऱ्या कुणाचं औषध नाही, हे तूच जानेवारीत लिहिलं होतंस, तुझ्या हाताने. मी विसरले होते, तुझ्या पत्राने आठवलं. मग तीन बाटल्या आल्या. चार नाहीत, दोन नाहीत, तीन. सकाळी घ्यायला सांगितलंस. कुणाला सांगू नकोस म्हणालीस. आता तूच सांग, मी काय समजायचं?

हॉस्पिटलमधून पाच वेळा फोन आला. एकदा सांगितलं, बहिणीकडे आहे. एकदा सांगितलं, चुकीचा नंबर. पोस्टाने तारखा आल्या, त्या बाबांच्या फोटोमागे ठेवल्या. फोड गेले, केस आले, भूक लागली, ते सलाईन बंद झालं म्हणून. आता कळतंय.

आभारांचं म्हणशील तर, रोज सकाळी जीभ चावायचे. तुझ्या मार्चच्या पत्रानंतर तर एकदा लिहूनही काढलं होतं, पूर्ण पानभर. मग जाळलं. तुझं औषध वाया जाईल म्हणून.

विनी


गॉलवे
११ मे, लगेच

विनी,

अगं गाढवे. अगं मूर्ख बाई, भांडं मी धरलं म्हणून मी काय बाबा झाले? तीनच का, तर तीनच रिकाम्या बाटल्या होत्या माझ्याकडे! लहान होत्या म्हणून तीन! सकाळी का, तर लोक औषध सकाळी घेतात!

उठ. हे वाचतेयस तिथून उठ. मंगळवारी साडेदहाला तुला बघणार आहेत. मी ईटाला सगळं सांगितलं, डबा, चमचा, बाटल्या, सगळं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, किती महिने? मी बोटांवर मोजले. तीन. तिने खुर्ची मागे घेतली आणि हॉस्पिटलला फोन लावला, कुणाकुणाशी बोलली. मग म्हणाली, डेलिया, उद्यापासून येऊ नका. रोज मला अगं-तुगं करणारी पोरगी. बरोबर केलं तिने.

सोमवारच्या बसने येते तुला न्यायला. बसमध्ये ओकलीस तर ओंजळीत धरीन. कोण बाहेर बघतंय ते मी बघते.

आणि मागच्या पत्रातलं ते हसल्याचं. मी हसले नव्हते. तुला लागावं म्हणून लिहिलं. ईटा आली होती ती मी रडत होते म्हणून, त्या मुठींचं वाचून. ते पत्र फाड. मला शिव्या लिही. काय हवं ते लिही.

डेलिया


ड्रिमबॉन
४ जून

प्रिय डेलिया,

त्या मंगळवारी तू बाहेर बाकावर बसली होतीस, तेव्हा आत काय बोलणं झालं ते मी तुला अर्धंच सांगितलं. 'बघू म्हणाले' असं सांगितलं. बघण्यासारखं आता काही नाही. यकृत भरलंय, पाठीच्या मणक्यात आहे. फुप्फुसाचं तर मोजलंच नाही त्यांनी. डॉक्टरीण लहान होती, ईटाएवढी असेल. म्हणाली, फेब्रुवारीत थांबला नसतात तर दोन वर्षं, कदाचित तीनही. आता फक्त दुखणं कमी करता येईल. मला विचारलं, का थांबलात? मी म्हटलं, बस लागते मला.

तुझं नाव सांगितलं नाही. घाबरू नकोस.

तू परत येऊ नकोस. रविवारी तू आलीस, भांडी घासलीस, एकेक सहा-सहा वेळा धुतलीस, तो आवाज मला पलंगावर ऐकवत नव्हता. बॅब येते, तेवढी पुरे. ती निष्काळजी आहे, बरं वाटतं.

एक खोटं मी पण तुझ्याकडे ठेवलंय, ते परत घेते. आई तुझंच नाव घेत होती. तीन दिवस. डेलिया आली का, डेलिया आली का. मी म्हणायचे, निघाली, बसमध्ये आहे, वळणावर आली. ती ऐकून हसायची आणि पाणी प्यायची. मी तुला कळवलंच नव्हतं. चौदा वर्षं मी केलं, मग शेवटचे तीन दिवस तिने तुझ्यासाठी दाराकडे बघत काढावेत, हे मला सोसलं नाही. म्हणून रेडिओवर तुझं नाव दिलं नाही. तेव्हा तू मला जे पाठवलंस, ते मी आईला आधीच पाजलं होतं. आपण बाबांच्याच मुली.

माझ्या वेळी रेडिओला द्यायचा कागद मी लिहून बॅबकडे दिलाय. त्यात तुझं नाव घातलंय, 'बहीण डेलिया हिच्या प्रेमळ देखरेखीखाली' असं. दुपारच्या बातम्यांनंतर रेडिओ लावत जा. अख्ख्या कॉनेमाराला ऐकू जाईल. लोक तुला रस्त्यात थांबवून सांगतील, फार केलंस हो बहिणीचं. तुला ते हवंच होतं.

कोकरू डेलिया मोठं झालंय. शनिवारी विकायला नेतील.

आणि एक राहिलं. तू दोनदा मागितलंस, मी दिलं नाही. उतारा वाया जाईल म्हणून जपत होते. तो उतारा नव्हताच, तेव्हा आता कशाचीच भीती नाही. जीभ चावायलाही नको.

डेलिया, तुझे फार फार आभार.

विनी